उलटा पडलेला कोळी

अळणावर गावातल्या लाकडाच्या वखारीत एका ओंडक्याच्या ढोलीतून तो केसाळ कोळी बाहेर आला, तेव्हा कामगार त्याला ठेचायला निघाले होते. मी धारवाडला प्राणिशास्त्र शिकत होते. त्याला डब्यात घालून घरी आणलं आणि माशांच्या रिकाम्या टाकीत ठेवलं. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आई आधी खूप चिडली, पण दोन महिन्यांत तीच त्याच्यासाठी झुरळं धरून ठेवू लागली. दीड वर्षात तो एकदाही टाकीबाहेर आला नाही.

मग खाली राहणाऱ्या घरमालकांच्या बायकोच्या कमरेवर फोड उठले. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. कोळी अंगावर मुतला की असे फोड येतात, असं मालकांनी गल्लीभर केलं. रविवारी वर येऊन त्यांनी माझ्या वडिलांना, अप्पांना सांगितलं, कोळी तरी घालवा नाहीतर घर खाली करा.

अप्पा वकील. पुराव्याशिवाय कुणाला दोषी धरू नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पण मालकांकडं त्यांनी पुरावा मागितला नाही. मालक गेल्यावर मला म्हणाले, "सोडून ये कुठंतरी. घर मिळत नाही पटकन."

कोळ्यानं पंधरा दिवस काही खाल्लं नव्हतं, म्हणजे तो कात टाकायच्या बेतात होता. अशा वेळी हलवला तर मरेल, म्हणून मी खाली जाऊन आठवड्याची मुदत मागितली. मालकांनी दिलीही.

बुधवारी सकाळी तो पाठीवर उलटा पडलेला दिसला. कात टाकताना असेच पडतात. आईला बजावून मी कॉलेजला गेले. दुपारी परतले तर टाकी धुऊन गच्चीवर उन्हात पालथी घातलेली. मालक वर आले होते, कोळी मेला म्हणाले आणि गटारात टाकून आले. आई सांगत होती, "मी म्हटलं त्यांना, हात लावू नका. ऐकलं नाही त्यांनी."

मी तशीच खाली गेले. "तो जिवंत होता," एवढंच म्हणाले.

"सत्तित्तु, बिडव्वा," मालक पेपरातून मान वर न काढता म्हणाले. मेलेलाच होता, सोड.

गटारात काडीनं बराच वेळ शोधलं. काही सापडलं नाही.

दोन दिवसांनी अक्का जिना चढून वर आल्या, कमरेला हात लावून, सावकाश. ही नागीण आहे, कोळ्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणाल्या. डॉक्टर सांगत होते तेव्हा मालक शेजारीच बसले होते.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी ते अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, आता बोलून काय उपयोग. त्या दिवसापासून महिनाभर मी अप्पांशी बोलले नाही. पुढं कलघटगीला नोकरी लागून घर सोडलं, तेव्हा अक्कांच्या पाया पडले. मालक तिथंच बसले होते. त्यांच्या पाया पडले नाही, आणि त्याची खंत मला आजही नाही.