घमेल्याखालचा गहू

सातवीत असताना मी केलेला विज्ञानाचा प्रयोग गावातल्या अकरा जणांनी डोक्यावर मिरवला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

घटक चाचणीत मला विज्ञानात वीसपैकी चार पडले होते (त्यातले दोन अक्षर चांगलं म्हणून). बाईंनी भर वर्गात सांगितलं, "सहामाहीत पास व्हायचं असेल तर उपक्रम नीट कर. नाहीतर वडलांना बोलावून घेईन." उपक्रम असा, की दोन दुरड्यांत माती घालून गहू पेरायचा. एक दुरडी उन्हात, दुसरी अंधारात. रोज पट्टी लावून उंची मोजायची आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही दुरड्या वर्गात आणायच्या.

आईनं घटासाठी माती चाळलीच होती, त्यातलीच मी घेतली. एक दुरडी अंगणात, दुसरी कोठीमागं घमेल्याखाली. जन्मात कधी गृहपाठ वेळेवर न केलेली मी, रोज सकाळी पट्टी घेऊन गुडघ्यावर बसायचे. आठव्या दिवशी घमेल्याखालचा गहू वीतभर झाला होता. पिवळाधमक, सरळसोट. मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला.

इकडं देवघरातला घट मात्र कुजला. त्याला पाणी द्यायचं काम माझ्याकडं होतं. आईनं शिंपडायला सांगितलं होतं, मी तांब्याभर ओतत होते. भलं करायलाच गेले होते ना! पण आमच्या न्हावरे गावात घट जसा उगवेल तशी रब्बी येते म्हणतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, घटासमोर बसून म्हणाले, "औंदा ज्वारी पेरून काय उपेग न्हाई." त्या दिवशी ते नीट जेवलेही नाहीत.

दसऱ्याला सकाळी शाळेत पाटीपूजन होतं. ते उरकून घरी आले, तर घमेलं उताणं पडलेलं.

"आई, माझी दुरडी कुठंय?"

"देवापुढं ठिवली व्हती. तुझ्या आप्पांनी तोंड पाडलं व्हतं गं. ते अंघुळीला गेलं तवा बदलली."

"अगं, बाईंना दाखवायचीय ती!"

"हळू बोल. त्यास्नी ठावं न्हाई. आन् खरा घट कुणी कुजवला, ते सांगू का?"

मी देवापुढं जाऊन बघते, तर दुरडी रिकामी. आप्पांनी विळ्यानं सगळा गहू कापला होता आणि माती आईनं तुळशीला घातली होती. घटाचे तुरे दसऱ्याला टोपीत खोवतात, पण आपल्यापुरते. आप्पांनी आनंदाच्या भरात अख्खी आळी बोलावून वाटले!

"असा घट उभ्या जन्मात पाह्यला न्हाई," शेजारचे नामदेवमामा म्हणत होते. "कसा काय आला, आप्पा?"

"देवीची कृपा, दुसरं काय."

घमेल्याचं नाव कुणी घेतलं नाही.

संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन निघाले. सोनं द्यायचं, पाया पडायचं, आणि आशीर्वादाला माणूस वाकलं की टोपीतले तुरे उपटायचे.

"आगं आगं, टोपी कशाला वडती?" नामदेवमामा म्हणाले.

"मुंगळा व्हता, मामा."

पाच घरं झाल्यावर पारावर चर्चा सुरू झाली, की औंदा मुंगळे लई झाल्यात. अकरा टोप्यांपैकी नऊ मी साफ केल्या. एकाचे तुरे शेळीनं खाल्ले होते. अकरावी टोपी आप्पांची. तिला हात लावायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या दुरडीत चिखल भरून त्यात मी ते गव्हाचे तुरे उभे केले. शाळेत पोचेपर्यंत ते आडवे झाले होते. बाईंनी एक काडी चिमटीत धरून उचलली. ती अलगद वर आली.

"याची मुळं कुठंयत?"

खरं सांगावं तर आप्पांची ज्वारी जाणार, न सांगावं तर माझा उपक्रम. चूक आईची, आनंद आप्पांचा आणि उभी कोण, तर मी! त्या रागातच म्हणाले, "अंधारात मुळं येत नाहीत, बाई."

"असं? मग निष्कर्ष म्हणून लिही वहीत. आणि मोठ्यानं वाच."

मी लिहिलं. वाचलंही. बाकीच्यांच्या अंधारातल्या गव्हाला दोऱ्याच्या गुंत्यासारखी मुळं होती. वर्ग हसला, बाईही तोंडाला पदर लावून हसल्या. आप्पांनी मात्र त्या आठवड्यात ज्वारी पेरली.

सहामाहीचा निकाल लागला. विज्ञानात पस्तीस, म्हणजे काठावर पास. उपक्रमाच्या कागदावर बाईंनी लाल पेनानं लिहिलं होतं, "धाडसी निष्कर्षाबद्दल एक मार्क जादा." विज्ञानात मी आजवर लावलेला तो एकमेव शोध. तो साफ खोटा होता, आणि मी पास झाले ती त्याच्याच जोरावर.