तपासले ते फक्त माझे हात

सोमवार, फेब्रुवारी महिना, सकाळी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आठवड्याची बैठक. हजर: सर, म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. अनिरुद्ध आणि फरहाना, त्यांचे दोन तरुण विद्यार्थी. आणि मी, औरंगपुऱ्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, सेहेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला लागलेली. गैरहजर: कुणी नाही. हे मुद्दाम लिहिते. सगळे होते, सगळ्यांनी पाहिलं.

पडद्यावर एक फोटो. जंतू वाढवायची गोल प्लेट, तिच्यावर पाच बोटांचे ठसे. प्रत्येक ठशात पांढरे, पिवळे ठिपके उगवलेले. खाली माझं नाव. आडनावासकट.

आदल्या आठवड्यात पेशी वाढवायच्या खोलीत संसर्ग झाला होता. सगळ्यांच्या बाटल्यांतलं गुलाबी द्रावण गढूळ झालं, पेशी मेल्या. कुठल्याही प्रयोगशाळेत होतं असं. अनिरुद्ध प्लेट घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, बोटं टेकवा. सगळ्यांचं घेतोय." मी टेकवली.

"सोर्स सापडला," सर म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, अगदी सौम्य आवाजात, "मनावर घेऊ नका मॅडम. तुमच्याकडं स्वच्छतेच्या सवयीच वेगळ्या असतात. त्यात तुमचा काही दोष नाही."

"सर, मॅडमसाठी सॅनिटायझरचा कॅनच मागवू," अनिरुद्ध म्हणाला. हसला. सरही हसले. फरहाना खाली बघत राहिली.

'तुमच्याकडं' म्हणजे कुठं, हे त्या खोलीत कुणाला विचारावं लागलं नाही. करमाडच्या बौद्धवाड्यातली मी. आडनाव ऐकलं की लोकांचं काम भागतं.

मी उठून बाहेर आले. बेसिनवर हात धुतले. साबण लावला, धुतले. परत लावला. नखांत घासलं, मनगटापर्यंत घासलं.

शाळेत मास्तरांनी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. सगळी पोरं बघून झाली. शेवटी मी. मास्तर म्हणाले, "हात मागं धर. नुसता डोळा लाव." पेशीतलं केंद्रक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते असं, हात पाठीमागं धरून. इतकं सुंदर दिसलं की अपमान तेव्हा कळलाच नाही.

बेसिनवर कळला. बोटं लाल झाली होती आणि मी अजून घासत होते. हे मी काय करतेय? कुणाच्या सांगण्यावरून? कुणाचीही बोटं प्लेटवर टेकवा, जंतू उगवणारच. हे मी अकरावीच्या पोरांना शिकवते.

नळ बंद केला. ओल्या हातांनीच आत गेले.

"पुढची स्लाइड लावा," मी म्हणाले.

"पुढची कसली?" अनिरुद्ध.

"तुमच्या हाताची. नंतरची सरांच्या."

"तुमचंच घेतलं फक्त. डाउट तिथंच होता ना."

"मग कंट्रोल कुठंय? तुलनेला दुसरा नमुना नाही, आणि तुम्ही याला प्रयोग म्हणता?"

"इमोशनल होऊ नका," सर म्हणाले. आणि पेशींच्या खोलीतला माझा प्रवेश बंद झाला. काही दिवस, असं म्हणाले होते.

दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी अनिरुद्ध मागून खायचा. बैठकीनंतर तिला कुणी बोट लावलं नाही. दोन दिवस झाकण उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवसापासून मी जिन्यात बसून जेवते. तिथं कुणी येत नाही. फरहाना एकदा आली. खुलताबादची पोर, सरळ मनाची. म्हणाली, "मॅडम, मेरे भी हाथ का लेव बोलनेवाली थी मैं. मुँह से निकलाच नई."

"निघायला पाहिजे होतं," मी म्हणाले. ती जिना उतरून गेली.

आईचा फोन येतो. "जेवलीस का? लई शिकलीस बाई आता. जीवाला जप." हो म्हणते. बाकीचं सांगत नाही.

माझं काम सांगते, म्हणजे काय अडलंय ते समजेल. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. बाहेरून आलेला संदेश ती धरतात. त्यातलं एक आत, केंद्रकाच्या आवरणावरही असतं. ते तिथं नुसतं पडून असतं, की तिथूनही संदेश देतं? हे बघायचं तर केंद्रकं सुटी करावी लागतात. पेशी पातळ द्रावणात फुगवायच्या. बर्फात रोवलेल्या काचेच्या नळीत काचेचा दांडा हलक्या हातानं वरखाली करून त्या फोडायच्या. जोर कमी पडला तर पेशी फुटत नाही, जास्त झाला तर केंद्रकही फुटतं. मग थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून केंद्रकं तळाला बसवायची, त्यांत पेशीचा बाकीचा भाग मिसळला नाही ना ते तपासायचं. शेवटी त्या रिसेप्टरला जागं करणाऱ्या औषधाचा थेंब द्यायचा आणि केंद्रकात कॅल्शियम वाढतं का, ते चमकणाऱ्या रंगावरून बघायचं. दोनदा केलं. दोन्ही वेळा केंद्रकं चमकली, म्हणजे संदेश तिथूनही जातो. तिसऱ्यांदा तेच आलं तरच ते छापता येतं.

मार्चमध्ये सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही पद्धत लिहून द्या. तिसरा प्रयोग अनिरुद्ध करेल. पेपरात तुमचं नाव राहीलच."

"पद्धत देते. ती लपवायची गोष्ट नाही," मी म्हणाले. "पण माझ्या प्रयोगाला हात माझेच लागतील."

"हट्ट करताय. वर्ष वाया जाईल तुमचं."

"जाऊ द्या."

त्याच दुपारी विभागप्रमुखांकडं लेखी अर्ज दिला, प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाला. सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. त्या बैठकीला कोण कोण हजर होतं, तेही लिहिलं. मागणी एकच: चौघांचेही हात तपासा, नाहीतर खोली उघडा. पोच घेतली. उत्तर आलेलं नाही.

अनिरुद्ध आता मान खाली घालून जातो. सर माझ्याशी मेलवर बोलतात. मार्गदर्शक बदलून घ्या, असं विभागातल्या दुसऱ्या दोघांचं सुचवून झालं. मी बदलणार नाही. रोज सकाळी त्या खोलीच्या दारापर्यंत जाते, कार्ड लावते. लाल दिवा लागतो. परत फिरते. उद्याही जाणार आहे.

केंद्रकं सुटी करायची तिसरी खेप बाकी आहे.