गुलमेंदीची जागा

आपा रागावली की तिचा आवाज चढत नसे, हात घट्ट होत असे. गडचांदूरला आमच्या शेजारी तिचं बांगड्यांचं दुकान होतं, म्हणजे घराचीच पुढची खोली. समोर बसलेल्या बाईचा हात मुठीत धरायचा, पाचही बोटं एकत्र दाबायची आणि गप्पा मारता मारता बांगडी मनगटावर उतरवायची, ही तिची पद्धत. गप्पांत तिच्या जेठांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं नाव निघालं की आपली हाडं गेलीच म्हणून समजा. "हात ढिल्ला सोड नं पोरी, मी तुह्यावर नाई चिडून राह्यली," असं म्हणायची आणि आणखी दाबायची. बांगडी मात्र तिच्या हातून कधी फुटली नाही.

नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मागे राहिल्या दोन खोल्या आणि दुकान व रस्ता यांच्यामधली मातीची एक पट्टी. त्या पट्टीत आपा गुलमेंदी लावायची. पुस्तकात तिला तेरडा म्हणतात, पण आमच्याकडे आपाचाच शब्द चालायचा. मृगात ती मूठभर बी भिरकावून द्यायची आणि पोळ्यापर्यंत दार लाल-गुलाबी होऊन जायचं. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही मुली संध्याकाळी तिच्याकडे जमायचो. लाल पाकळ्या तुरटीबरोबर वाटून ती आमच्या नखांवर थापायची आणि वरून पान गुंडाळून दोरा बांधायची. "आता कशाले हात लावाचा नाई. मायनं भांडे घासाले सांगतलं तं म्हणजो, आपानं बांधून ठेवलं." घरकामातून सुटका करणारी एवढी एकच मोठी बाई आमच्या ओळखीची होती.

तिच्या जेठांना सगळं गाव बडेभाई म्हणायचं. माणूस गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्या माणसांची मला जी चीड आहे, ती त्यांच्यापासूनची. एका पावसाळ्यात सरकारी रोपं वाटली गेली, त्यातलं सातवीणचं एक रोप घेऊन ते आपाच्या दारात आले. शहरात या झाडाला सप्तपर्णी म्हणतात. सोबत मोहल्ल्यातली चार वडीलधारी माणसं आणि शेजारी म्हणून माझे बाबा. बडेभाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे झाड माह्या भावाच्या नावानं. जोवर हिरवं राहीन तोवर त्याले सवाब भेटन." आणि फुललेल्या गुलमेंदीच्या बरोबर मधोमध त्यांनी खड्डा खणला. आपा पडद्याआड उभी होती. मेलेल्या नवऱ्याला पुण्य मिळतं आहे आणि विधवा नको म्हणते आहे, असं कोण म्हणवून घेईल? लोक गेल्यावर तुडवलेली झाडं गोळा करताना ती एवढंच म्हणाली, "मेल्यावर आठोला भाऊ. जित्ता होता तवा दवाखान्यात एक डाव नाई आला."

माझं भांडण झाडाशी नाही, माणसांशी आहे, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. ते काही खरं नाही, झाडाशीही आहे. सातवीणचे गुण मला पाठ आहेत. भरभर वाढते, बकऱ्या तोंड लावत नाहीत, आणि जिथं मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं तिथंही पान गाळत नाही. पण पान गाळत नाही म्हणून चुनखडीच्या ट्रकांची धूळही सोडत नाही. फुलली की वासानं डोकं धरतं. आणि तिच्याखाली दुसऱ्या कुणाला ऊन म्हणून मिळत नाही. गुलमेंदी बिचारी दिवाळीला वाळून जाते. सावली नाही, लाकूड नाही. उपटली तर मुळाशी मूठभर माती येते, तेवढीच तिची मालकी. हल्ली नवीन घर बांधणारे विचारतात, दारात काय लावावं? सगळे सांगतात, सदाहरित लावा, कचरा होत नाही. मी विचारते, लावणारा कोण आहे?

कारण आमच्याकडे झाड ज्यानं लावलं त्याची जागा, असं लोक बिनदिक्कत धरून चालतात. सातवीण घराच्या वर गेली तेव्हा बडेभाईंनी तिला सिमेंटचा ओटा बांधला, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला म्हणून. मग ओट्यावर पाण्याचं घमेलं आलं, मग हवेचा पंप, मग ट्रकचे टायर. वर्षभरात तिथं बडेभाईंच्या मुलाचं पंक्चरचं दुकान उभं होतं. रस्ता सिमेंट कारखान्याचा, गिऱ्हाइकाला तोटा नाही. तोटा झाला आपाला. टायरांवर बसलेल्या ड्रायव्हर-क्लीनरांच्या देखत हात पुढे करून, तोंड वाकडं करत बांगड्या भरायला कोणती बाई येणार? कोरपन्याकडून बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्यांच्या बायकाही पुढच्या दुकानात जायला लागल्या. गुलमेंदी सावलीत नुसती लांबुडकी वाढली, मग उगवेनाशी झाली. तरी आपा दर मृगात बी टाकायचीच.

शेवटी तिनं मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांना बोलावलं. ती सगळी त्याच ओट्यावर, त्याच सावलीत ऐसपैस बसली. तिथंच निकाल लागला होता म्हणा. बडेभाई म्हणाले, "झाड मी लावलं, तुमी सगळ्यांनी पाह्यलं."

पडद्याआडून आपानं विचारलं, "कोनाच्या नावानं लावलं?"

"भावाच्या."

"मंग झाड त्याचं. आन् त्याची बायको मी. टायर उठवा."

एक जण म्हणाला, "आपाचं तोंड लय चालते," आणि सगळे हसले. इतकं चोख उत्तर, पण ते हसण्यावारी गेलं. मग त्यांनी सांगितलं की सावली सगळ्यांची आहे, बाईनं मन मोठं करावं. मन मोठं करायला सांगतात ते ज्याचं काही लुबाडलेलं असतं त्यालाच, हे मी तेव्हा शिकले. हसणाऱ्यांत माझे बाबाही होते. घरी मी त्यांना विचारलं, तिचं काय चुकलं? बाबा म्हणाले, "चुकलं नाई गं. पन हिरवं झाड हाय, तोडा म्हनाव कसं?"

तिनं झाड तोडा म्हटलंच नव्हतं. टायर उठवा म्हटलं होतं. बाबा आता नाहीत, पण या एका गोष्टीपुरता त्यांचा राग मला अजूनही येतो.

पुढच्याच वर्षी आपा दुकान बंद करून राजुऱ्याला धाकट्या बहिणीकडे राहायला गेली आणि तिथंच वारली. त्याआधी, माझं लग्न झाल्यावर, मी तिला एकदा भेटून आले. बहिणीच्या घरामागे मोठं अंगण होतं. काळी माती, दिवसभर ऊन, नळही जवळ. आणि सगळं रिकामं. बहीण कुरकुरत होती, "इले म्हनलं, तुही गुलमेंदी लाव इथी. आयकतच नाई. काऊन नाई लावत, इचारा बरं तुमीच."

ती चहा ठेवायला गेली तेव्हा मी म्हटलं, "आपा, लाव ना. बी मी पाठवते."

"दुसऱ्याच्या जागेत मी काई लावत नाई."

"दुसऱ्याची कशी? सख्ख्या बहिणीची आहे."

"तो बी सख्खा भाऊच होता नं," आपा म्हणाली.

बहीण कप घेऊन दारातच थांबली होती. तिनं ते ऐकलं. मग तिनं कप आमच्यापुढे ठेवले, आणि पुन्हा तिला कधी आग्रह केला नाही.