नानाजींची जीभ आणि भैरवीची कडू बिअर

दारव्ह्याच्या बाजारात नानाजींचं नाव निघालं, की जुने अडते आजही म्हणतात, "दात होता म्हाताऱ्याचा, दात!" खोटं नाही ते. सोयाबीनचा ढीग पडला, की नानाजी चार दाणे दाढेखाली धरायचे, कट्टकन फोडायचे आणि ओल किती ते सांगून मोकळे व्हायचे. एकदा तर दाणा चघळता चघळता त्यांनी शेतकऱ्यालाच विचारलं, "नाल्याकाठच्या वावरातला माल हाय ना गा?" तो बिचारा पायाच पडायला लागला. पुढे ओल मोजायचं यंत्र आलं. नानाजींना कोणी वाईट बोललं नाही, फक्त विचारायचं बंद झालं. त्याला आता आठ वर्षं झाली.

यंदा पोळ्याला त्यांची नात भैरवी आली. पोरगी पुण्यात एका छोट्या कारखान्यात बिअर बनवते. तिनं पिशवीतून दोन खेपांच्या दोन बाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. इंग्लंडच्या धाटणीची, भाजक्या जवाची आणि हॉप्स नावाच्या फुलानं कडवट केलेली बिअर, तीही हलकी, अडीच टक्के अल्कोहोलची. तिकडचे मजूर काम आटोपल्यावर पितात आणि सरळ चालत घरी जातात, असं तिचं म्हणणं.

"आबा, पहिली खेप झकास झाली. दुसरी तशीच केली, तरी मागून कसलीतरी चव येते. कोणालाच सांगता येत नाही. मालक म्हणतात, सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही तर ही बिअर बंद."

तिनं स्वतः बसवलेली ही पहिलीच बिअर.

"पण मले कायले सांगून राह्यली? म्या तं जन्मात दारू पेली नाही."

"म्हणूनच तर! जीभ कोरी आहे तुमची."

आतून आजी, म्हणजे सुनीतीबाई, कडाडल्या, "सत्तर वर्सं कोरडे राह्यले, आता नातीनं बाटवले! अन् तेही सणाच्या दिवशी!"

नानाजींनी बिअर चहासारखी बशीत ओतली. तांब्याच्या रंगाची, वर जरासा फेस. पहिल्या बाटलीतला घोट घेतला आणि डोळे मिटले. "कडू हाय, पण कसं, मेथीच्या भाजीवानी. आपल्याच जिभेले बोलावते परत." मग चूळ भरून दुसरी. यावेळी घोट त्यांनी जिभेवर घोळवला, मग पुन्हा एक घेतला. चुकीचं सांगितलं तर पोरीचं वाटोळं, हे त्यांना कळत होतं.

"हे कडूपण फुलाचं नोहे, बाई. हे दाण्याचं हाय. दाणा हाय का तुह्याजवळ?"

दोन्ही खेपांचे भाजके जव तिनं पुड्यांतून आणलेच होते, आजोबांना दाखवायला. नानाजींनी पहिल्या पुडीतला दाणा चावला. कट्ट! दुसऱ्या पुडीतला चावला. आवाजच नाही. फुटाणा ओलाव्यात राहिला की जसा होतो, तसा मऊ.

"हे पोतं भिंतीले टेकून ठेवलं व्हतं. अन् तोंड उघडं."

भैरवीनं तिथल्या तिथे गोदामात फोन लावला. पलीकडचा माणूस आधी नाही-नाही म्हणाला, मग पाहायला गेला, मग कबूल झाला. पंधरा दिवस पोतं उघडंच होतं, आणि मागची भिंत पावसानं पाझरत होती.

पोरगी हसायला लागली की रडायला, तेच कळेना. तिनं मालकाला फोन करून सगळं सांगितलं. मालक म्हणाले, नवं पोतं घे आणि पुन्हा बनव, बंद करायचं कारण नाही. मग त्यांनीच, फोन आजोबांना दे, असं म्हटलं. नानाजी बनियनवर होते. त्यांनी आधी सदरा घातला, गुंड्या लावल्या आणि मगच फोन कानाला लावला.

"आभार कायचे, साहेब? आठ वर्सांत मले कोणी काही इचारलं नव्हतं. तुमच्यामुळं इचारलं. उपकार तुमचे."

आणि मग पोत्याखाली फळी किती उंच हवी, भिंतीपासून किती हात सोडावं, हे त्यांनी साहेबांना सांगायला घेतलं. साहेबांनीही मध्ये न तोडता पाऊण तास ऐकून घेतलं. भला माणूस!