जैतूननं उघडलेली पेटी

१९५६ साली जैतून आखातातल्या दोह्याच्या बंदरात उतरली तेव्हा तिला वाटलं, आपण नवऱ्याच्या घरी आलो. आठ दिवसांत कळलं, घर दिलावरभायचं आहे.

दिलावरभाय हे तिचे थोरले दीर, रत्नागिरीकडचे होडीसुतार. पाच वर्षांपूर्वी ते इथे एकटेच आले, फळ्यांच्या ढिगाशेजारी झोपले, अरबी शेठचा विश्वास कमावला. मग बायकोला, मुलाला आणि धाकट्या भावाला, म्हणजे जैतूनच्या नवऱ्याला, रहमानला, बोलावून घेतलं. सगळ्यांना पोटापाण्याला त्यांनीच लावलेलं, म्हणून त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे. आधी बाजारातून काय आणायचं ते ठरवू लागले, मग कोणी कुठे जायचं ते, आणि शेवटी बायकांनी किती मोठ्यानं हसायचं तेही. चहा-साखर त्यांच्या लोखंडी पेटीत, चाव्यांचा जुडगा कमरेला.

गावाकडची पत्रंसुद्धा तेच फोडत, उत्तरंही तेच धाडत. जुम्म्याच्या नमाजानंतर अंगणात बसून घसा खाकरत आणि वाचत, "सगळे खुशाल आहेत. तुमची खुशाली कळवा." कागद घडी होऊन खिशात जाई. जैतून मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. एकदा तिनं हात पुढे केला तर म्हणाले, "वाचलं ना मी? मग झालं." रहमान खाली मान घालून चटईच्या काड्या मोडत राहिला.

अशी सात वर्षं गेली. १९६३ ला दिलावरभाय हजला निघाले. जाताना जुडगा बावीस वर्षांच्या मुलाच्या, रियाजच्या, हातात दिला. "माझ्यामागं तूच. कोणाला ढील देऊ नकोस."

रियाजनं पहिल्याच सकाळी आंघोळीच्या पाण्याला कुलूप ठोकलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना चावी खिशातच राहिली आणि घर दुपारपर्यंत पारोसं बसलं. तिसऱ्या दिवशी जेवताना कोणी बोलायचं नाही असा हुकूम काढला आणि पहिल्याच घासाला स्वतःच "आमटीत मीठ नाय!" म्हणून ओरडला. त्याची आई मैमुनाभाबी ओढणी तोंडात कोंबून हसू लागली. जैतूनला तर ठसकाच लागला. रियाजनं सगळ्यांकडे पाहिलं, मग तोही हसत सुटला आणि त्यानं जुडगा जैतूनपुढे टाकला.

"चाची, खलास! मला नाय जमत. तुम्हीच बघा."

जैतूननं साखरेसाठी पेटी उघडली. चहाच्या डब्याखाली सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. वरच्याच पाकिटावर तिच्या आईचं नाव. तिनं गठ्ठ्याची सुतळी सोडली.

रहमान घाबरला. "ठेव परत. भायजी येतील."

"येऊ देत," ती म्हणाली आणि अंगणात चटई टाकून बसली.

त्या दुपारी तिनं सात वर्षांची पत्रं मोठ्यानं वाचली. धाकट्या बहिणीचं लग्न होऊन तिला मुलगी झाली होती. आईनं शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं, "जैतून, तुला शाळेत घातली ती काय वाया गेली? चार ओळी लिहायला हात मोडलाय का?" जैतून रडली आणि पुढच्याच ओळीला हसली. मग भाबीच्या भावाची पत्रं निघाली. या मेव्हण्याशी दिलावरभायचं मानपानावरून बिनसलेलं होतं. भावानं लिहिलं होतं, "मुलगी झाली. नाव मैमुना ठेवलंय."

"पुन्हा वाच," भाबी म्हणाली. जैतूननं ती ओळ पाच वेळा वाचली. भाबी उठली, जुडगा घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. कोणीही घ्यावा, कोणीही उघडावं.

दोन महिन्यांनी दिलावरभाय डोकं तुळतुळीत करून परतले. गल्लीतूनच त्यांना हसण्याचा आवाज आला. आत आले, खिळ्याकडे पाहिलं, कमर चाचपली. "रियाज!"

उत्तर भाबीनं दिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर सरळ उभी होती. "सहा वर्षं माझ्या भावाचं पत्र तुमच्या पेटीत होतं."

त्यांनी हातातलं सामान खाली ठेवलं. मग पुटपुटले, "मला वाटायचं, पत्रं वाचली की तुम्ही गावी जायचा हट्ट धराल. घर मोडेल. मी पुन्हा त्या फळ्यांशेजारी एकटा."

"इतकी वर्षं सांगितलं का नाय?" भाबीचा आवाज खाली आला. "बसा. मक्केहून जमजमचं पाणी आणलंत ना? काढा."

जुडगा पुन्हा त्यांनी मागितला नाही. सवयीनं हुकूम सोडत, पण "यल्ला, चला चला, आधी पाट मांडा" म्हणून रियाजच त्यांना कामाला लावी, आणि ते कुरकुरत पाट मांडत. जैतून शेजारणींची पत्रं लिहू लागली. दर जुम्म्याला अंगणात बायकांची दाटी होई. एकदा सगळ्या गेल्यावर दिलावरभाय चटईच्या कडेला येऊन बसले.

"मेव्हण्याला लिहायचंय," ते म्हणाले. "मला शब्द सुचत नाय."

"तुम्ही सांगा भायजी, मी लिहिते."

त्यांनी घसा खाकरला. "लिही... मैमुना पुढच्या बोटीनं माहेरी येतेय. छोट्या मैमुनाच्या पायाचं माप पाठवा. लाकडी गाडी करतोय, तिला बसता आलं पायजे."