पडद्यावरचा हरवलेला बाण

स्पिरिटचा वास आला की कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या छापखान्यातली एक दुपार डोळ्यांपुढे तरंगते. तेव्हा आमच्याकडे नवाच काँप्युटर आला होता आणि वडील त्याच्यावर लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवायचे. त्या दुपारी बाहेरून साखर कारखान्याच्या मळीचा गोडसर वास येत होता, पंखा पेंगत फिरत होता आणि वडील सारखे म्हणत होते, "ह्यो बाण परत कुठं गेला गं?" मी माऊस उघडला, आतली गोळी स्पिरिटनं पुसली, काँप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तक्रार तीच. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन मी बाणाला शेपूट लावलं. माऊस हलवला की बाणामागून बाण, बगळ्यांच्या रांगेसारखे, निळ्या पडद्यावरून अलगद सरकायचे. मी बघतच राहिले. "आता दिसतोय न्हवं, अण्णा?" "व्हय, दिसतोय की," ते म्हणाले, आणि लगेच, "गेला बघ." रांग तर पडद्याच्या डाव्या कडेला झुलत होती. त्यांनी मान वळवली तेव्हा ती त्यांना दिसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेची गेलेली नजर परत आली नाही, पण औषधाच्या थेंबांनी समोरची टिकली, आणि पुढे माझी लग्नपत्रिका त्यांनीच जुळवली. आज मी त्यांच्या त्या वयाची आहे. त्या दुपारी माऊस उघडण्याआधी मी त्यांच्यावर खेकसले होते, "नीट बघा की जरा!" ते अजून खुपतं.