सगळ्याजणी बसेपर्यंत

मी जपानात राहून आले हे कळलं की लोक आधी कच्च्या माशांबद्दल विचारतात. आमचं घर माळकरी, मी मासा हुंगलासुद्धा नाही. मला आठवतं ते एक बुटकं टेबल, आणि त्याच्याभोवती बसलेल्या आम्ही चौघी.

ऐंशीनंतरची गोष्ट. यांना परभणीहून मातीच्या अभ्यासासाठी दोन वर्षं तिकडे पाठवलं आणि मागोमाग मीही गेले. त्याआधी वालूर सोडून माझी धाव सेलूच्या बाजारापर्यंत. हे सकाळी प्रयोगशाळेत जायचे ते दिवेलागणीला उगवायचे. मला सोबत आईनं दिलेल्या येसराच्या डब्याची. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ, उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी तयार. पहिले काही महिने मी ती आमटी-भात खात भिंतीशी मराठीत भांडत होते.

खालच्या मजल्यावर एक विधवा बाई राहायच्या. मी त्यांना मनातल्या मनात मावशी केलं होतं. भिंतीशी चाललेलं भांडण त्यांच्या कानावर गेलं असावं. थंडी पडली तशा एका दुपारी त्या शेगडी, मातीचं पातेलं आणि पिशवीभर भाजी घेऊन थेट आमच्या खोलीवर आल्या. बरोबर त्यांची धाकटी बहीण आणि शेजारची एक नेपाळी सून. तिला जपानीही यायचं आणि हिंदीही, म्हणून तिला मुद्दाम आणलेलं.

टेबलाच्या मधोमध शेगडी ठेवली. पातेल्यात कोबी, गाजर, अळंबी आणि सोयाबीनचं पनीर रटरटायला लागलं. माझ्यासाठी मासा वगळून समुद्रातल्या पानांचं पाणी केलेलं. या जेवणाला ते नाबे म्हणतात. पण घर माझं, म्हणजे यजमानीण मी. मी पदर खोचला, तिघींचे वाडगे भरले आणि उभी राहिले. तिघी हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मला वाटलं, लाजतायत. मी आणखी वाढलं. "घ्या की, पोटभर जेवा," म्हणत भाताचा ढीग घातला. तरी एकीनंही जेवायच्या काड्या उचलल्या नाहीत. आग्रहात मराठवाड्याची बाई हार जाते होय! मी पुन्हा डाव घेतला, तेव्हा नेपाळी सून कळवळून म्हणाली, "दीदी, आप बैठिए ना. आपके बिना कोई शुरू नहीं करेगी."

मी बसले. तिघींनी हात जोडले, अन्नाला नमस्कार केला आणि मगच पहिला घास घेतला.

लग्न झाल्यापासून मी सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपाशी बसून उरलंसुरलं खात आले होते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, आईही तशीच जेवायची. वाईट वाटायला लागलं ते त्या दुपारनंतर.

मग दर आठवड्याला आमचं जमायचं. मावशी सुर्र सुर्र आवाज करत ओरपायच्या. तसं ओरपल्याबद्दल लहानपणी मी पाठीत धपाटे खाल्लेले, इथे तीच म्हणे खाण्याची रीत. येसर चाखून धाकट्या बहिणीच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी पुढच्या वेळी तिनंच डबा मागितला. कधी कधी हेही लवकर यायचे आणि आमच्यात बसून जेवायचे. एकदा मला कपडे वाळत घालायला उशीर झाला. खाली मावशींकडे गेले तर शेगडी बंद, वाडगे कोरडे, आणि तिघी नुसत्याच गप्पा मारत बसलेल्या. मी दारातच रडले. त्यांना वाटलं, घरची आठवण आली.

घरची आठवण यायची, नाही कशी? पण परत आल्यावर त्या टेबलाची जी ओढ लागली ती वेगळीच. ज्या दिवशी आलो त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एसटी देवगाव फाट्यावरच थांबली. तिथे ट्रंकेवर बसून मी मावशी आता काय चिरत असतील याचा विचार करत होते. वालूरला पोचल्यावर सासू-सासऱ्यांच्या पाया पडले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

दोनेक वर्षांनी, हिवाळ्यात सगळे घरी असताना, मी मनातले मांडे खायला घेतले. यांना म्हटलं, एकदा तिकडच्यासारखं जेवू. हे म्हणाले, "कर की." मी ओसरीत मधोमध स्टोव्ह ठेवला. पातेल्यात पत्ताकोबी, गाजर, वरून येसर. सासरे, सासूबाई, दीर, सगळ्यांना भोवती बसवलं. सासरे जरा कुरकुरले, पण बसले. आणि डोक्यावरचा पदर सावरून मीही यांच्या शेजारी बसले.

कुणी ताटाला हात लावला नाही. पातेलं रटरटत होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी अन्नाला हात जोडले.

"वाढ की गं," सासूबाई म्हणाल्या, "बसलीस काय? समदे तुझ्यापायी खोळंबायलेत."

मी उठले, डाव घेतला. सगळ्यांत आधी यांनीच ताट पुढं केलं.